कला आणि विज्ञान एकाच तासात: चौथीच्या वर्गात नेमकं काय करावं?

शाळूची_पाटी:
नमस्कार. चौथीचा वर्ग, ४० मुलं, आठवड्यातून एकदा जोडतास (८० मिनिटं). प्रयोगशाळा नाही, संगणक नाही. कागद, रुंद स्ट्रॉ, माती, कात्री, पट्टी एवढं मिळतं. कला आणि विज्ञान एकत्र शिकवण्याचे जे नमुने पाहायला मिळतात, त्यांत बहुतेक वेळा झाडाच्या तक्त्याला रंग द्यायचा आणि त्यालाच कला म्हणायचं, असा प्रकार दिसतो. चित्र किंवा सूर नसेल तर विज्ञानच अडून बसेल असे उपक्रम हवे आहेत. मापं आणि कुठे बिनसतं तेही सांगा, कृपया.

सप्तक:
तुमची कसोटी योग्य आहे. त्या कसोटीला सगळ्यात चांगला उतरतो तो नळ्यांचा पावा, कारण इथे चूक झाली की मुलांच्या कानालाच कळते.

८ ते १० मिमी रुंदीचे स्ट्रॉ घ्या. खालचं टोक मातीने बंद करायचं, वरच्या टोकावरून आडवी फुंकर मारायची. आतल्या मोकळ्या हवेची लांबी मोजायची. मातीला १ सेमी लागतं, म्हणून स्ट्रॉ तेवढा जास्त कापा. सा १८ सेमी धरला तर रे १६, ग १४.४, म १३.५, प १२, ध १०.८, नी ९.६ आणि वरचा सा ९. आठ मुलांचा एक गट आणि प्रत्येकाकडे एक स्वर. ४० मुलांचे बरोबर पाच गट होतात. ज्याची नळी त्यानेच फुंकायची, अदलाबदल नको.

पण ही मापं आधी देऊ नका! फक्त सा द्या आणि पुढची नळी किती लांब असेल ते विचारा. बरीच मुलं सारखं अंतर कमी करत जातात: १८, १६, १४, १२. पहिल्या दोन नळ्या जमतात, १४ ची मात्र ग आणि म यांच्या मध्येच कुठेतरी लागते. मग अंतर सारखं का चालत नाही, हा प्रश्न वर्गातूनच येतो. वरच्या सा ची लांबी बरोबर निम्मी आहे, हे तिथे दाखवा. दशांश चिन्ह शिकवलं नसेल तर सगळं मिमीत सांगा.

बिनसतं ते असं. आवाजच येत नसेल तर फुंकर नळीच्या आत जाते आहे. खालचा ओठ कडेला टेकवून समोरच्या कडेवर फुंकायला सांगा. सूर एकदम सप्तकभर वर गेला तर माती गळते आहे आणि नळी दोन्हीकडून उघडी झाली आहे. कात्रीने टोक चपटं होतं, ते पेन्सिल घालून गोल करा. आखूड नळ्या सुरात किंचित उतरलेल्या वाटतील, कारण कंप पावणारी हवा नळीच्या तोंडाबाहेरही थोडी असते आणि आखूड नळीत तो फरक जास्त जाणवतो. वरच्या सा ची माती साधारण १ मिमी आत ढकला, मग पुन्हा ऐका.

चलचित्र_वही:
वरच्या उपक्रमाला पूर्ण अनुमोदन. चित्रकलेकडून यायचं असेल तर पडणाऱ्या चेंडूचं फ्लिपबुक (पानं भराभर चाळली की चित्र हलताना दिसतं अशी वही) करा. जाड कागदाची २० पानं, १२ सेमी उंच आणि ८ सेमी रुंद. चेंडू १ सेमी व्यासाचा, उजव्या कडेजवळ, कारण डावा भाग चाळताना दिसतच नाही.

पहिल्यांदा मुलांना सारख्या अंतराने चेंडू काढू द्या. चाळल्यावर तो पडत नाही, लिफ्टसारखा उतरतो. मग अंतरं १, ३, ५, ७, ९, ११, १३ या पटीत घ्यायची. २ मिमीचा एक भाग धरला तर चेंडूची वरची कड ०, २, ८, १८, ३२, ५०, ७२, ९८ मिमीवर येते. ही झाली ८ पानं. उसळी आधीच्यापेक्षा कमीच हवी: ७६, ५८, ४४, ३४, २८, २६, आणि त्याच खुणांवरून परत ९८ पर्यंत. बरोबर २० पानं होतात. वेग वाढतो म्हणजे काय, हे इथे डोळ्याला दिसतं.

जमिनीला टेकताना चेंडू चपटा काढायचा असेल तर तेवढाच रुंदही काढायला सांगा, नाहीतर तो आकसल्यासारखा दिसतो. जाड कागदातून मागचं चित्र दिसत नाही, म्हणून खुणा केलेली एक पुठ्ठ्याची पट्टी प्रत्येक पानावर ठेवून टिंब द्या. पानं एकसारखी कापली नाहीत तर चाळताना दोन-तीन एकदम सुटतात. कापायचं काम शिक्षकांनीच केलेलं बरं.

शाळूची_पाटी:
दोन्ही करणार, पावा आधी. विजेचा धडाही आहे. बटण सेलवर दिवा लागणारं शुभेच्छापत्र कसं वाटतं?

जोडतार:
पत्र करा, बटण सेल मात्र नको. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. १.५ व्होल्टचे तीन पेन्सिल सेल झाकणाच्या डबीत बसवा. प्रत्येक एलईडीला (छोट्या दिव्याला) स्वतःचा १५० ओहमचा रोधक (वीजप्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) द्या. लांब पाय धन बाजूला.

स्वतंत्र रोधक का, तर लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात आणि निळ्याला ३ च्या आसपास. एकाच रोधकावर दोन्ही समांतर जोडले की लालच पेटतो, निळा जवळजवळ विझलेला राहतो.

तारेऐवजी तांब्याची चिकटपट्टी वापरा; ती कोपऱ्यावर कापू नका, दुमडा. खालचा गोंद बहुतेक वेळा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले तरी जोड तुटकच राहतो. चित्र आधी काढायचं, कुठे उजेड हवा ते ठरवायचं, मग पट्टीची वाट आखायची. दोन वाटा एकमेकींना छेदल्या की मुलांना चित्र बदलावं लागतं. तिथे घाई करू नका, धडा तिथेच शिकला जातो. अगदीच अडलं तर छेदावर कागदाचा तुकडा ठेवून वरून पट्टी न्या. ४० जणांना एकदम साहित्य देऊ नका, दोघांत एक पत्र पुरे.