रोहिंग्या बायकांना विचारायचं कुठे, आणि कुणासमोर?

निशिगंधा: रोहिंग्या निर्वासित बायकांच्या मनावरचा ताण कसा मोजायचा, यावर काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘दुःख सगळीकडे सारखंच. प्रमाणित प्रश्नावलीचं भाषांतर करा, संस्कृतीचे लाड पुरे.’ डोकं तापलं. बांगलादेशात कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावणीत काम केलंय मी. बांबू-ताडपत्रीचं खोपटं, शेजारचं खोकणंही ऐकू येतं. तिथे आत सासू, दारात दीर असताना बाईला विचारायचं, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ ती ‘नाही’ म्हणते आणि तुमच्या तक्त्यात ठणठणीत ठरते. बलात्काराबद्दल तर अवाक्षर काढत नाही. त्याच बाया शांतिखान्यात, फक्त बायकांच्या जागेत, शिवता शिवता मोकळ्या होतात.

आकडेमोड: ते मीच लिहिलं होतं. शिवताना कानावर पडलेल्या गोष्टींवर समुपदेशक मंजूर होत नाहीत. युगांडात दक्षिण सुदानच्या 694 निर्वासित बायकांवर ‘सेल्फ-हेल्प प्लस’ या ताण हाताळायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाची चाचणी झाली, 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. ताण प्रमाणित प्रश्नावलीनेच मोजला, तीन महिन्यांनी तो कमी दिसला.

निशिगंधा: अर्धंच सांगताय. तो कार्यक्रम आधी त्या बायकांच्या बोलीत, जुबा अरबीत, ध्वनिमुद्रित केला होता, बायका गटाने बसून ऐकायच्या. लाड म्हणता ते हेच.

धरणकाठ: ते राहू द्या, नावं कुठे जातात ते बोला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने गोळा केलेली रोहिंग्यांची माहिती बांगलादेशाने म्यानमारला दिली, किमान 8 लाख 30 हजार नावं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2021 मध्ये हे उघड केलं. ज्यांच्या लष्कराने 2017 मध्ये गावं जाळली, त्यांच्याच हातात यादी! आता कुठल्या तोंडाने ‘गोपनीय’ म्हणणार?

आकडेमोड: ती नोंदणी होती, संशोधन नव्हे. घोळ घालू नका.

धरणकाठ: त्या बाईला फरक कळावा कसा? दोन्हीकडे परकी माणसं, दोन्हीकडे फॉर्म. माझी आई धरणग्रस्त. ‘नुसती माहिती घेतोय’ म्हणून घेतलेला तिचा अंगठा पुढे संमतीचा पुरावा म्हणून दाखवला गेला. त्यानंतर तिने रेशनच्या कागदावरही अंगठा दिला नाही. घोळ कुणी घातला?

आकडेमोड: आईंबद्दल वाईट वाटतं. बरं, तोंडी संमती घ्या, नाव लिहू नका, एवढं मान्य. मग तीन महिन्यांनी तीच बाई शोधायची कशी?

निशिगंधा: शांतिखान्यातली रोहिंग्या स्वयंसेविका शोधेल. तिला सगळ्या माहीत असतात.

आकडेमोड: आणि ब्लॉकच्या ‘माझी’ने, म्हणजे छावणीतल्या त्या भागाच्या मुखियाने, तिच्याकडेच नावं मागितली तर?

निशिगंधा: मागतात. म्हणून तर म्हणते, अभ्यासाचा आराखडा ठरतानाच तिला बैठकीत बसवा. धोका तिच्या गळ्यात आणि निर्णय तुमच्या हातात, हे मला मान्य नाही.