मदत हवी आहे: 'स्टॅट'मधलं 'उभं राहणं' 'ताबडतोब' कसं झालं?

नमस्कार मंडळी,

हडपसरला नर्सिंग असिस्टंटच्या मुलींना मी केसपेपर वाचायला शिकवते. बहुतेकजणी मराठी माध्यमातल्या. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (दिवसातून तीनदा), एचएस (झोपताना) ही औषधाच्या वेळांची लॅटिन लघुरूपं अर्थासकट सांगितली की पक्की बसतात. एसओएस म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तर. हे कळलं की जहाजावरची हाक डोक्यातून जाते. गाडी अडते ती 'स्टॅट'पाशी.

'हायड्रोकॉर्टिझोन १०० एमजी आयव्ही स्टॅट' म्हणजे हे औषध शिरेतून, एकच डोस, आत्ताच, आणि दिल्याची वेळ लगेच समोर लिहायची. मूळ शब्द लॅटिन 'स्ततिम', आणि त्यामागे 'स्तारे', म्हणजे उभं राहणं. 'शॉर्ट टर्नअराउंड टाइम' हा फुलफॉर्म कृपया सुचवू नका, तो मागाहून जुळवलेला आहे.

परवा एकीने विचारलं, "मॅडम, पेपरवर वर 'स्टेटस अस्थमॅटिकस' आणि खाली औषधापुढे 'स्टॅट'. दोन्ही एकच का?" फार चांगला प्रश्न. धातू एकच आहे! पण पहिल्यात दम्याचा अटॅक हटता हटत नाही, ठाण मांडून असतो; दुसऱ्यात क्षणाचाही उशीर चालत नाही. एका धातूची ही दोन टोकं मुलींना नीट समजावून सांगायची आहेत.

जुन्या लॅटिनमध्ये 'स्ततिम'चा अर्थ 'पाय रोवून, जागचं न हलता' असाही होता. तिथून 'त्याच जागी' आणि मग 'तत्क्षणी' अशी वाट मला दिसते. आपणही 'जागच्या जागी ठार झाला' म्हणतो, त्यात जागेपेक्षा वेळच जास्त असते. 'उभ्या उभ्या येऊन गेली' यातही घाई आहेच. ही तुलना भाषाशास्त्राच्या दृष्टीने चालेल का?

दुसरं, संस्कृतवाल्यांसाठी. 'स्ततिम' हे नामाचं द्वितीयेतलं रूप गोठून झालेलं क्रियाविशेषण आहे, आणि त्या नामाचं आपल्याकडचं भावंड म्हणजे 'स्थिति'. शाळेत 'शीघ्रम्', 'चिरम्' ही द्वितीयेची रूपं अव्ययासारखी वापरतात असं शिकलो, तीच ही प्रक्रिया मानायची का? की नामापासून आणि विशेषणापासून झालेली रूपं वेगळी धरायची?

डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. उत्तर सोपं असलं तरी चालेल, पण चुकीचं नको. या मुली ते पुढच्या बॅचला सांगतात.