पाणी आलं की वास सुटतो

सी-४ : सेक्रेटरी साहेब, मागच्या बाजूला परत वास सुटलाय. आमच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं येतंय. सेप्टिक टाकी आत्ताच उपसली होती ना?

सेक्रेटरी : आत्ता कुठली काकू, ४ वर्षं झाली. २-३ वर्षांनी उपसायची असते. वर्गणी अजून तिघांची बाकी आहे, ते जाऊ दे.

ए-१ : ॲसिडच्या दोन बाटल्या ओततो. मोकळं होईल.

बी-२ : अहो थांबा! मैला कुजवणारे जिवाणूच मरतील. मग गाळ कुजायचा नाही, नुसता साठत जाईल. ओव्हरसिअर म्हणून नोकरी केली मी, असल्या टाक्या बघण्यात गेली.

सी-४ : पण काका, वास नेमका नळाच्या दिवशीच कसा?

बी-२ : बरोबर पकडलंत. टाकीत वर साय धरते, खाली गाळ बसतो, मधलं पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. गाळ बसायला किमान एक दिवस पाणी शांत राहायला हवं. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. आला की बाराही घरांत एकदम मशीन सुरू, चादरी भिजतात (आणि आपली सोलापुरी चादर किती पाणी पिते ते सांगायला नको). तो सगळा लोंढा टाकीत. गाळ ढवळून पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. त्यात इथली काळी माती, आधीच पाणी मुरत नाही. खड्डा बुजला की टाकी कितीही उपसा, पाणी उलटंच येणार.

डी-३ : म्हणजे कपडे धुवायचेच नाहीत का बे?

सेक्रेटरी : ग्रुपवर बे नको.

बी-२ : धुवा की, पण मशीनचं पाणी टाकीत कशाला? वेगळा पाइप काढून नारळाच्या आळ्यात सोडा. आणि पॅड, वाइप्स, तळणीचं तेल आत टाकू नका. मागच्या वेळी काय काय निघालं ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

ए-१ : माझ्या ओळखीचा एक जण आत उतरून साफ करतो. मैला उपसणाऱ्या गाडीच्या निम्म्या पैशात.

बी-२ : अजिबात नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आतल्या वायूला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण तो वाढला की नाकाला कळेनासाच होतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. दोन-चार हजार वाचवायला हे करायचं?

ए-१ : राहू द्या मग. गाडीच बोलवा.

सेक्रेटरी : सक्शन गाडी उद्या ११ ला येतेय. काका, झाकण नेमकं कुठाय?

बी-२ : पार्किंगच्या कोपऱ्यात. डी-३ च्या गाडीखाली.

डी-३ : काढतो. पण लावू कुठे?

सेक्रेटरी : आधी काढा.