छोट्या, सौम्य सिगारला कमी गुण का?

मांडवीकाठ
पणजीतल्या आमच्या सिगार चाखून गुण देणाऱ्या गटात परवा एकाने ठासून सांगितलं, "हाफ करोनासारख्या आखूड सिगारला कसले गुण द्यायचे? तो संपतो तिथे खरा सिगार सुरू होतो." मला हे अजिबात मान्य नाही. उपमन या क्युबन ब्रँडचा हाफ करोना घ्या. लांबी 90 मिलिमीटर, रिंग गेज 44, म्हणजे जाडी इंचाचे 44/64, जेमतेम साडेसतरा मिलिमीटर. एवढ्याशा जागेत चुकायला वाव नाही. जहाल सिगारमध्ये लिगेरो, म्हणजे झाडाच्या वरच्या भागातल्या कडक पानाचा तिखटपणा पुष्कळ उणिवा झाकतो. सौम्य सिगारमध्ये पान नीट आंबवलेलं नसेल तर अमोनियाचा उग्र दर्प सुरुवातीलाच नाकात शिरतो. शिवाय सिगार जितका बारीक तितका आतल्या भरणीच्या मानाने रॅपरचा, म्हणजे बाहेरून गुंडाळलेल्या पानाचा, वाटा मोठा. कनेक्टिकट शेडसारखं, कापडाच्या सावलीत वाढवलेलं नाजूक पान खरं कळतं ते इथेच. मी न पेटवता ओढून बघतो, मग थोडा धूर नाकातून सोडतो आणि शेवटच्या इंचात कडवटपणा किती चढतो ते पाहतो. राख पांढरी आहे म्हणून गुण देणं मला पटत नाही.

फोंडेकर
बाब, रॅपरचं बरोबर. पण सिगारची गंमत बदलत जाण्यात आहे. पहिल्या तृतीयांशात गवताळ गोडवा, मध्ये लाकूड, शेवटी मिरी, असं काही घडायला वेळ लागतो. छोटा सिगार अर्ध्या तासात संपतो. बारीक असल्यामुळे तापतोही लवकर, दोन झुरके घाईने घेतले की चव करपली. सुरुवात चांगली आहे म्हणून पूर्ण गुण कसे देणार?

मांडवीकाठ
झुरके मिनिटाला एक घ्या, तापणार नाही. घाई ओढणाऱ्याची, गुण सिगारचे का कापायचे?

बार्देसकर
तुम्ही दोघं हे पावसाळ्यात चाखताय, त्याचं काय? सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवायचा असतो. जुलैत आपल्याकडची हवा 80 च्या वर असते. पान ओलावा धरून फुगतं, ड्रॉ, म्हणजे धुराची ओढ, घट्ट होतो, एका बाजूनेच जळत राहतं. बारीक सिगारला याचा फटका जास्त, कारण आत हवेला मुळात वाट कमी. मग लोक 'मिश्रण फसलं' म्हणून मोकळे होतात! घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणारी पुडी घालून ठेवा, ओलावा स्थिरावू द्या, मग बोला. उन्हाळ्यातही जपायला हवं, 24 अंशांच्या वर तंबाखूचा भुंगा अंड्यातून बाहेर येतो. आणि चाखताना फेणी नको. काजूच्या वासापुढे सौम्य सिगार टिकत नाही. पाणी किंवा बिनसाखरेची कॉफी पुरे.

फोंडेकर
हे नाही पटत. गोव्यातला माणूस संध्याकाळी व्हरांड्यात पाण्याचा ग्लास घेऊन सिगार ओढत नाही. जो सिगार हुर्राकासमोरही, काजूच्या त्या पहिल्या धारेच्या सौम्य दारूसमोरही, उभा राहत नाही, तो आमच्या काय कामाचा?

तिसवाडी
मी दातांची डॉक्टर. तुमच्या सगळ्या चर्चेत 'सौम्य' हा चवीचा गुण आहे, अपायाचा नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका छोट्या सिगारलाही आहे. परीक्षणात हे स्पष्ट लिहा, नाहीतर नवखा माणूस सौम्य म्हणजे निर्धोक समजून बसतो.

मांडवीकाठ
ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. आमच्या गुणपत्रकात पहिली ओळ तीच टाकतो. निकोटिनची ताकद आणि चवीचा भरीवपणा यांनाही वेगळे रकाने हवेत, कारण सौम्य म्हणजे बेचव हा समज तिथूनच वाढतो. फोंडेकरबाब, हुर्राकाची कसोटी मात्र मी मानत नाही. एखाद्या सकाळी, जेवणाआधी, सिगारवरच्या नावाच्या पट्ट्या काढून चाखायला बसू. बार्देसकरांच्या डब्यातलेच सिगार घेऊ.

फोंडेकर
पट्ट्या काढा, पाणीही चालेल. पण शेवटच्या तृतीयांशात नवं काही आलं नाही, तर मी गुण कापणारच.