क्विन यूअर्स : हरलो ते त्याच्यामुळे, की त्या दुसऱ्या डाउनमुळे?

लाँगहॉर्न_सांगलीकर (धागाकर्ता)

शुक्रवारी, १० जानेवारी २०२५ ला आर्लिंग्टनच्या स्टेडियममधून बाहेर पडलो तेव्हापासून एकच वाक्य ऐकतोय : यूअर्सने घालवलं. पार्किंगमध्ये तेच, ऑस्टिनला परतताना पेट्रोल पंपावर तेच, आणि आपल्या मराठी ग्रुपवरही तेच. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यूअर्स म्हणजे टेक्सस विद्यापीठाच्या आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू. कॉलेज प्लेऑफची उपांत्य फेरी, कॉटन बोल, टेक्सस विरुद्ध ओहायो स्टेट. सात मिनिटं उरली होती आणि आपण १४-२१ ने मागे होतो. यूअर्सने चेंडू पार पलीकडे नेला, एंड झोनमधल्या (चेंडू नेला की गुण मिळतात त्या पट्ट्यातल्या) त्यांच्या फाउलमुळे आपण एक यार्डाच्या रेषेवर पोचलो. एक यार्ड म्हणजे तीन फूट, आणि हातात चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न. पहिल्या डाउनला मधून धाव घेतली, काही मिळालं नाही. दुसऱ्या डाउनला कोच सार्किसियनने चेंडू बाहेरच्या बाजूला टॉस करून चेंडू घेऊन पळणाऱ्या विझनरला पळवलं आणि आपण सात यार्ड मागे आलो. तिसऱ्या डाउनचा पास वाया गेला. चौथ्याला आठ यार्डांवरून ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने यूअर्सचा चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत नेला. २८-१४.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो चौथा डाउन आहे, कारण सॉयर एकटा पळतानाचं दृश्य विसरण्यासारखं नाही. पण सामना दुसऱ्या डाउनला गेला. एक यार्ड हवा असताना चेंडू आधी मागे आणि मग आडवा नेण्याचा निर्णय क्वार्टरबॅकचा नव्हता. त्या रात्रीचे आकडे बघा : ३९ पैकी २३ पास पूर्ण, २८३ यार्ड, दोन टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये), एक इंटरसेप्शन (पास विरोधकाच्या हाती), आणि ते इंटरसेप्शनही सगळं संपल्यावरचं.

मी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्टिनच्या स्टेडियममध्ये होतो, कॅन्ससकडून ५७-५६ ने हरलो तेव्हा. त्या वर्षी आपण ५-७ होतो, म्हणजे पाच जिंकले, सात हरले. त्यानंतर हा मुलगा आला. ८-५, मग १२-२, मग १३-३. सलग दोन वर्षं उपांत्य फेरी. ज्यांनी ते ५-७ पाहिलंय त्यांनी तरी बोलताना जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं.

राउंडरॉकचा_अमेय

दादा, असहमत. टॉस चुकीचा होता, मान्य. पण तो चुकीचा होता म्हणून चौथा डाउन बरोबर ठरत नाही.

चौथा डाउन, गोल आठ यार्डांवर, खाली पडलास तरी संपलं, इंटरसेप्ट झालास तरी संपलं. म्हणजे चेंडू हातात ठेवून वाचवायचं असं काहीच नाही. कुठेही फेक, पण फेक! यूअर्स उभा राहिला, बघत राहिला, आणि सॉयर येऊन पोचला. हे एकदाच झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. ऑक्टोबरमध्ये जॉर्जियाविरुद्ध आपल्याच घरी पहिल्या हाफला ०-२३ होतो, ते याच दुखण्यामुळे. चारही बाजूंनी दबाव येतोय आणि हा चेंडू धरून उभा. सार्किसियनने त्याला बसवून काही वेळ राखीव क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगला उतरवलं, ते उगाच नाही. डिसेंबरमध्ये एसईसीच्या (आपल्या गटाच्या) अंतिम सामन्यात पुन्हा जॉर्जिया, पुन्हा दोन इंटरसेप्शन. हंगामभरात एकूण १२.

आणि मॅनिंगबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. सप्टेंबरमध्ये यूटीएसएविरुद्ध यूअर्स जखमी झाला, मॅनिंग आला आणि ६७ यार्ड पळून टचडाउन केलं. एक यार्डाच्या रेषेवर असा माणूस बाकावर बसवून आपण टॉस खेळलो.

स्वाती_कोलंबस

मी ओहायो स्टेटची, तेव्हा माझं मत कुणाला नको असेल तर समजू शकते. तरी लिहिते.

आमच्या घरी त्या शेवटच्या ड्राइव्हला (तुमच्या सलग चढाईला) सगळे उभे होते. बरोबरी होणार हे आम्ही मनातून धरून चाललो होतो. आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही म्हणून सांगते : २०२१ मध्ये यूअर्स आधी आमच्याकडे आला होता. शाळेचं शेवटचं वर्ष सोडून कोलंबसला आला, काही महिन्यांतच टेक्ससला गेला. त्या काळात त्याच्या खोलीत राहणारा मुलगा म्हणजे जॅक सॉयर. मला आनंद झाला, पण त्या क्षणी तो मैदानावर पडलेला दिसला तेव्हा पोटात कालवलंही.

आता खेळाचं. तुमच्या बचावाने आमच्या पास झेलणाऱ्या जेरमाया स्मिथला एका झेलावर आणि तीन यार्डांवर रोखलं. असं त्याला वर्षभरात कुणी केलं नव्हतं. इतका बचाव मिळूनही तुमचे गुण १४. आणि सांगलीकर दादा, तुम्ही दुसऱ्या डाउनवर बोलताय, पण त्याआधीच्या आमच्या ड्राइव्हकडे बघा. चौथा डाउन, दोन यार्ड हवेत, बरोबरी आहे. आमच्या क्वार्टरबॅक विल हॉवर्डने चेंडू स्वतःकडे ठेवला आणि १८ यार्ड पळाला. तिथून २१ झाले. हॉवर्ड काही चित्ता नाही, पण कोचला त्याच्या पायांवर भरवसा टाकता आला. यूअर्सच्या पायांवर तुमच्या कोचला टाकता आला नाही, म्हणूनच तो टॉस आला. मला तरी तुमचा दुसरा डाउन आणि चौथा डाउन एकाच दोरीला बांधलेले दिसतात.

लाँगहॉर्न_सांगलीकर

स्वातीताई, हॉवर्डचा मुद्दा खरा आहे. यूअर्स पळणारा क्वार्टरबॅक नाही, आणि कोचला ते माहीत होतं. पण मग ते लक्षात घेऊनच डाव आखायला हवा ना? तीन फुटांसाठी सेंटरच्या मागे उभं राहून सरळ पुढे घुसायला वेग लागत नाही.

अमेय, ऑक्टोबरचा जॉर्जिया सामना मी तुला देऊन टाकतो. तो दिवस त्याचा नव्हता, चेंडूही हातून सुटला. पण डिसेंबरचा देणार नाही. त्या दिवशी यूअर्सने ३५८ यार्ड फेकले. आपल्या किकर बर्ट ऑबर्नच्या दोन किक चुकल्या, सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि १९-२२ ने हरलो. एक किक बसली असती तर ते दोन इंटरसेप्शन आज कुणाच्या लक्षातही नसते.

आणि पीच बोल कसा विसरलास? दहा दिवसांपूर्वीची गोष्ट आहे. ॲरिझोना स्टेटविरुद्ध २४-८ ची आघाडी गेली, पुन्हा दोन किक चुकल्या, ओव्हरटाइममध्ये आपण मागे. चौथा डाउन, १३ यार्ड हवेत. समोरून ब्लिट्झ (एकदम जास्त जण अंगावर) येतोय हे बघून त्याने मॅथ्यू गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन टाकला. पुढच्याच चेंडूवर गनर हेल्मला आणखी एक. ३९-३१. तू म्हणतोस तो दबावात गोठतो. तो तोच माणूस होता, डाउनही चौथाच होता.

नागपूरचे_काका

माझी मुलगी ऑस्टिनला शिकते, तिच्यामुळे दोन वर्षांपासून हा खेळ बघतो. सकाळी सहाला उठून शुक्रवारचा सामना (आमचा शनिवार) पाहिला. नियम अजून पुरते कळत नाहीत, तरी एक आठवण सांगावीशी वाटते.

१८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार हवेत, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा षटकार. त्यानंतर त्या पोराला लोकांनी काय काय बोललं ते मी ऐकलं आहे, आमच्या ऑफिसात मीही बोललो आहे. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला मी सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानात होतो. त्याच चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तिघांच्या लागोपाठ दांड्या उडवल्या, विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि मला माझ्याच जुन्या बोलण्याची लाज वाटत होती. आजही लोकांना शारजाच आठवतं. यूअर्सच्या बाबतीत तुम्ही तरुण मंडळी तेच करताय असं वाटलं म्हणून लिहिलं.

राउंडरॉकचा_अमेय

काका, तुम्ही सहाला उठून बघता हे वाचून खूप छान वाटलं. पण तुलना मला पूर्ण लागू होत नाही वाटत. चेतन शर्मा एका टोकाकडून काही षटकं टाकणारा एक गोलंदाज. क्वार्टरबॅकच्या हातात जवळजवळ प्रत्येक चेंडू येतो. म्हणून श्रेयही त्याला जास्त मिळतं आणि हिशेबही त्यालाच जास्त विचारला जातो. सांगलीकर दादा १३-३ त्याच्या खात्यात मांडतात, मग त्या तीन पराभवांचे वाटेकरी मात्र कोच, किकर आणि लाइन (त्याला वाचवणारी पुढची फळी). हे मला पटत नाही.

मी मोजतो तो माणूस आपलाच जुना क्वार्टरबॅक व्हिन्स यंग. ४ जानेवारी २००६, रोझ बोल, समोर यूएससी, चौथा डाउन, पाच यार्ड हवेत, १९ सेकंद राहिलेली. गेला कोपऱ्यातून. ४१-३८. टेक्ससचं शेवटचं विजेतेपद तेच. मी तेव्हा दुसरीत होतो, बाबांच्या खांद्यावर बसून नाचलो होतो. तेव्हापासून वाट बघतोय.

फ्रिस्कोची_मेधा

माझा मुलगा इथे हायस्कूलला क्वार्टरबॅक खेळतो (दुसऱ्या टीमचा), म्हणून गेली चार वर्षं हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे.

त्यांचे कोच मुलांना डोक्यात घड्याळ बसवायला शिकवतात. चेंडू हातात आला की पाय मागे टाकत मोजायचं, आणि तिसऱ्या सेकंदाच्या आत चेंडू गेलाच पाहिजे, समोर कुणी मोकळं असो वा नसो. यूअर्सचं मनगट मी कॉलेजमध्ये फार कमी जणांत पाहिलं आहे. खांदा न हलवता कडेने सोडलेला त्याचा पास बघून माझा मुलगा अजून टीव्ही मागे घेतो. पण ते घड्याळ पहिली पसंती झाकली गेली की हळू चालतं. अमेय जे म्हणतो ते खोटं नाही.

मात्र एक गोष्ट दोघांनीही सोडली. हा मुलगा या हंगामात धडपणे कधी खेळला? सप्टेंबरला पोटाच्या बाजूचा स्नायू ताणला, दोन सामने बाहेर. नोव्हेंबरमध्ये घोटा गेला आणि त्यावरच पुढचे सामने खेळला. घोटा दुखत असेल तर पॉकेटमध्ये (क्वार्टरबॅक पास टाकायला उभा राहतो तिथे) पाय हलत नाहीत, आणि पाय हलले नाहीत की खालून जोर न मिळाल्याने चेंडू वर राहतो. माझ्या मुलाचा घोटा मागच्या वर्षी मुरगळला तेव्हा त्याचे सगळे पास सहा इंच उंच जात होते, आणि तो तर आठ दिवसांत बरा झाला.

तेव्हा माझं मत : शुक्रवारचा चौथा डाउन यूअर्सचा दोष, ऑक्टोबरचा जॉर्जियाही त्याचाच. पण हॉवर्डसारखा पळाला नाही म्हणून त्या घोट्याला बोल लावणं मला जमणार नाही.

स्वाती_कोलंबस

मेधाताई, घोट्याचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. हॉवर्डशी केलेली तुलना तेवढी मागे घेते. टॉस मात्र मागे घेत नाही!

लाँगहॉर्न_सांगलीकर

अमेय, तीन पराभवांचा हिशेब तू बरोबर विचारलास. मग माझा असा : ऑक्टोबर त्याचा, डिसेंबर किकरचा, शुक्रवार कोचचा आणि थोडा त्याचा. ‘थोडा’ हा शब्द मी धागा सुरू करताना लिहिला नसता, मेधाताईंचं घड्याळ वाचून लिहितोय.

पण व्हिन्स यंगचं माप लावू नकोस. त्या मापाने टेक्ससचा प्रत्येक क्वार्टरबॅक नापासच होणार. कोल्ट मॅककॉय २०१० च्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच खांदा धरून बाहेर गेला, त्याला कुणी नापास म्हणालं नाही.

राउंडरॉकचा_अमेय

मॅककॉयला संधीच मिळाली नाही दादा. यूअर्सला एक यार्डावर मिळाली. तरी ‘कोचचा आणि थोडा त्याचा’ याच्या जवळ मी येऊ शकतो, फक्त ‘थोडा’च्या जागी ‘निम्मा’.

पुढचा हंगाम ३० ऑगस्टला कोलंबसमध्येच सुरू होतोय, पहिलाच सामना ओहायो स्टेटशी. यूअर्स ड्राफ्टला (व्यावसायिक संघांच्या निवडीला) गेला तर तिथे मॅनिंग उभा असेल. तेव्हा हाच धागा मी वर काढणार, मॅनिंगने घालवलं तरी.

नागपूरचे_काका

मुलगी म्हणाली तो सामना दुपारचा असणार, म्हणजे आमच्याकडे रात्र. जागेन. स्वाती, पोरी, कोलंबसला तिकिटं कशी मिळतात ते तिला जरा सांगशील का? तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना जायचंय, आणि तिघीही टेक्ससच्या नारिंगी कपड्यांत येणार म्हणतात.

स्वाती_कोलंबस

काका, नक्की सांगते. आणि उतरायला हॉटेल शोधू नका म्हणावं. आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. नारिंगी कपड्यांतच येऊ देत, वाटेत कुणी काही बोललं तर मी बरोबर असेन.