इलेक्ट्रॉनचा 'पल्ला' की 'मजल'?

एक भाषांतर करतेय, कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कुठल्या पदार्थात किती लांब जातात यावर. रेंजला 'पल्ला' लिहिलं आणि मीन फ्री पाथलाही पल्लाच लिहून मोकळी झाले, आता एकाच पानावर सिलिकॉनमधल्या १००० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा पल्ला एकदा अडीच नॅनोमीटर येतोय नि एकदा तीस. चुकतंय कुठे?

— आकडे ठीक आहेत, शब्द चुकलाय. अडीच म्हणजे ऊर्जा गमावणाऱ्या दोन टकरींमधलं सरासरी अंतर, तीस म्हणजे दम संपेपर्यंत साधारण जिथवर आत पोचतो ते. 'मजल दरमजल करत' म्हणतो ना आपण, मजल म्हणजे दोन मुक्कामांमधली चाल, मग अडीचला सरासरी मजल म्हणा आणि तीसला पल्ला.

— अहो पण मीन फ्री पाथला 'माध्य मुक्त पथ' आहे की परिभाषेत?

— आहे, पण 'मुक्त' वाचून वाटतं मधे टक्करच नाही. इथे ऊर्जा न गमावता नुसती दिशा बदलणाऱ्या टकरी मधे होतातच, त्या मोजत नाहीत इतकंच. त्या टकरींमुळेच इलेक्ट्रॉन भरकटत जातो, चाललेली वाट पल्ल्यापेक्षा बरीच लांब भरते. वाट आणि पल्लाही वेगळे ठेवा.

— आणि एक, 'ऊर्जा घटली की मजल आखूड' असं सरसकट लिहू नका हं! साधारण ५० ते १०० इलेक्ट्रॉन व्होल्टला ती सगळ्यात आखूड, जेमतेम अर्धा नॅनोमीटर, म्हणजे अणूंचे दोनतीन थर. त्याच्याही खाली गेलं की पुन्हा वाढते, कारण पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जापातळीत ढकलायला ऊर्जाच पुरत नाही. विद्युतरोधकात तर जास्तच, म्हणून तिथे मंद इलेक्ट्रॉन धातूपेक्षा खोलातूनही बाहेर येऊ शकतात.

— बापरे, ते वाक्य लिहिलंच होतं मी, बदलते. अजून एक, एका ठिकाणी पल्ला चक्क मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये होता, टायपो समजून खोडला.

— परत घाला! जाडीला घनतेने गुणलेलं आहे ते. १००० इलेक्ट्रॉन व्होल्टलाच बघा, सिलिकॉनमध्ये ३० नॅनोमीटर आणि सोन्यात जेमतेम ६, पण या हिशेबात साधारण ७ आणि ११, फरक केवढा कमी झाला. फक्त तिथे 'लांबी' लिहू नका, 'वस्तुमानात मोजलेला पल्ला' चालेल.