सप्ताहाचा एफएम बंद केला ते बरोबर, का पोरांवर अन्याय?

तापीकाठ
जळगाव विमानतळाच्या बाजूच्या एका गावातली गोष्ट. पोरांनी हरिनाम सप्ताहाचं कीर्तन एफएमवर सोडलं, ऑनलाइन मागवलेला छोटा ट्रान्समीटर आणि मंदिराच्या गच्चीवर बांबूला बांधलेला अँटेना. ज्या म्हाताऱ्या माणसांना देवळापर्यंत येववत नाही ते घरी खाटेवर पडून कीपॅड मोबाइलला इअरफोन खोचून ऐकायचे, इअरफोनची वायरच त्यात एरियलचं काम करते. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलांनी बंद करायला लावलं आणि गावात दोन तट पडले. माझं मत सरळ आहे, बंद केलं ते बरोबरच केलं. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो, आधी व्हीओआर-आयएलएस म्हणजे दिशा दाखवणारे सिग्नल, मग ११८ पासून १३७ पर्यंत पायलट आणि विमानतळाच्या कंट्रोल टॉवरचं बोलणं. मध्ये कुंपण नाही. आणि आपल्याकडे जळगावला, शिरपूरला नवी पोरं विमान शिकतात.

केळीवाला_रावेर
भाऊ पाच वॅटचा डबा तो, गावाच्या शिवेबाहेर ऐकू येत नाही आणि विमान पाडणार का? आकाशवाणी आणि खाजगी एफएमचे टॉवर किलोवॅटमध्ये चालतात त्यांना कोणी हटकत नाही, गरिबाच्या पोराने भजन लावलं की लगेच नियम आठवतो.

तापीकाठ
@केळीवाला दादा, शिवेबाहेर जमिनीवर ऐकू येत नाही कारण मध्ये घरं, झाडं, जमिनीचा चढउतार. वर काहीच आडवं येत नाही. पाच हजार फुटांवरच्या विमानाला सरळ रेषेत दीडशे किलोमीटरपर्यंतचा ट्रान्समीटर दिसतो. आणि वॅटपेक्षा फिल्टर महत्त्वाचा. मोठ्या स्टेशनला स्वतःच्या पट्ट्याबाहेर काही सांडू नये म्हणून महागडे फिल्टर बसवावे लागतात, ह्या स्वस्त डब्यात तो खर्च वाचवलेला असतो. त्यात दुसऱ्या स्टेशनचा सिग्नल शिरला की दोघांची मिसळ होऊन तिसरीच फ्रिक्वेन्सी बाहेर पडते. समजा पोरांचा डबा १०४.८ वर आणि जवळचं स्टेशन ९१.१ वर, तर १०४.८ ची दुप्पट वजा ९१.१ करा, ११८.५ येतं. थेट पायलटच्या कानात.

सातपुडा_७७
मी शिरपूरला ट्रेनिंग घेतोय म्हणून लिहितो. विमानाचा रेडिओ एफएम नाही, एएम असतो (आवाज लहरीच्या ताकदीच्या चढउतारात बसवायची जुनी पद्धत), मुद्दाम, म्हणजे दोघं एकदम बोलले तर निदान शिट्टी ऐकू येते आणि कळतं की कोणीतरी दबला गेला. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि पत्ताच लागत नाही. पण ह्याच एएममुळे बाहेरची खरखर पण सगळी आत येते. पहिली सोलो असताना, शेजारी इन्स्ट्रक्टर नाही, टॉवर काय म्हणाला ते अर्धंच ऐकू आलं आणि पुन्हा विचारलं तरी तेच, तर काय होतं ते खाली बसून नाही कळणार. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर केएलएम आणि पॅन ॲम कंपन्यांची दोन जम्बो विमानं रनवेवर धडकली, ५८३ माणसं गेली. तिथे बाहेरचा कोणी नव्हता, धुकं होतं, इतर चुकाही होत्या, पण टॉवरने थांबा म्हटलं आणि पॅन ॲमने आम्ही अजून रनवेवरच आहोत म्हटलं ते एकाच वेळी, उड्डाणाला सुटलेल्या केएलएमच्या कॉकपिटमध्ये बहुतेक शिट्टीच गेली. तीन-चार सेकंदांचा खेळ.

धुळेकर_भो
सगळं मान्य, पण मग रस्ता दाखवा ना! कम्युनिटी रेडिओचं लायसन २००६ पासून संस्थांना मिळतं, एकट्या माणसाला नाही, संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे, परवानग्या दिल्लीहून. सात दिवसाच्या सप्ताहासाठी कोण करेल एवढं? आणि मोठ्या कंपन्यांना असं कोणी अडवतं का?

तापीकाठ
अडवलंय भो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्याने ५जी कंपन्यांना सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत ३.३ गिगाहर्ट्झचे टॉवर नकोत, विमानाच्या रेडिओ अल्टिमीटरला, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राला, त्रास होऊ शकतो म्हणून. लायसनची तुझी तक्रार मात्र खरी आहे, थोड्या दिवसांसाठी, कमी पॉवरचा, तपासलेला सेट भाड्याने मिळेल अशी सोय असायला पाहिजे.

अहिराणी_आबा
भाऊ, बठ्ठं खरं शे, पन पोऱ्हेस्नी काय चोरी ते करी नही ना? म्हातारास्ले आते कोन ऐकाडी कीर्तन? माझी आई त्याच गावात आहे, दोन दिवस तिने ऐकलं, तिसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन बसली होती.

तापीकाठ
आबा, पोरांवर केस होऊ नये असंच माझं म्हणणं आहे, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आईंसाठी उरलेले दिवस मंदिराच्या मिक्सरमधून फोन लावून कॉन्फरन्स कॉल करता येईल, कीपॅडवर पण चालतो. मला गावातल्या कोणाचा तरी नंबर मेसेज करा, संध्याकाळी हरिपाठाच्या आत जोडून देतो.

केळीवाला_रावेर
डब्याच्या किमतीचं काय? पोरांनी वर्गणी काढून घेतला होता.

सातपुडा_७७
विकू नका फक्त, दुसऱ्या गावात जाऊन तेच होईल.